वजन कमी करण्याच्या शस्त्रक्रियेनंतर पित्ताशयाचा त्रास: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

वजन कमी करण्याची शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णांच्या आहाराचे आणि पाठपुराव्याचे काम मी पुण्यात करते. पित्ताशयाबद्दल रुग्ण आणि त्यांचे नातेवाईक जे प्रश्न पुन्हा पुन्हा पाठवतात, ते येथे शक्यतो त्यांच्याच शब्दांत मांडले आहेत. प्रत्येक उत्तर स्वतंत्रपणे वाचता येईल. जिथे एका उत्तराचा दुसऱ्याशी संबंध आहे, तिथे त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे. हे वाचून कोणीही तपासणी लांबणीवर टाकू नये, ही विनंती.

१. पित्ताशय म्हणजे काय? आपण "पित्त झाले" म्हणतो ते याच पित्ताशयामुळे का?

नाही. माझ्या अनुभवात सर्वांत जास्त उशीर याच गैरसमजातून होतो. मराठीत "पित्त" हा एकच शब्द आपण निदान तीन गोष्टींसाठी वापरतो. छातीत जळजळले, करपट ढेकर आले, की पित्त झाले म्हणतो. ते खरे तर जठरातले आम्ल असते. अंगावर लाल गांधी उठल्या की पित्त उठले म्हणतो. ती बहुधा ॲलर्जी असते. आणि यकृतात तयार होणारा हिरवट-पिवळा पाचक रस, त्यालाही पित्तच म्हणतात. पित्ताशयाचा संबंध फक्त या तिसऱ्या पित्ताशी आहे.

यकृत दिवसाला साधारण अर्धा ते एक लिटर पित्त तयार करते. त्यातले काही पित्ताशयात साठते आणि तिथे ते आटून घट्ट होते. पित्ताशय ही यकृताच्या खालच्या अंगाला असलेली, लहान वांग्याच्या आकाराची पिशवी आहे; तिच्यात ३० ते ५० मिलिलिटर पित्त मावते. तेल-तुपाचा अंश असलेले अन्न लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागात पोहोचले, की तिथून एक संप्रेरक रक्तात मिसळते, पिशवी आकुंचन पावते आणि पित्त नलिकेवाटे आतड्यात उतरते. पिशवी काढून टाकली तरी पित्त तयार होणे थांबत नाही, हे येथेच लक्षात ठेवावे (प्रश्न १६ पाहा).

२. वजन कमी होणे ही तर चांगली गोष्ट. मग त्यामुळे खडे का होतात?

दोष वजन कमी होण्यात नाही, ते ज्या वेगाने कमी होते त्या वेगात आहे. शरीरातील चरबी झपाट्याने वापरली जाऊ लागली, की तिच्यात साठलेले कोलेस्टेरॉल मोकळे होते आणि यकृत ते पित्तात सोडते. पित्तात जेवढे कोलेस्टेरॉल विरघळू शकते त्याहून अधिक झाले, की त्याचे स्फटिक बनू लागतात. साखर जास्त झालेला पाक न हलवता ठेवला तर त्याच्या तळाशी कणी धरते, तसेच हे आहे.

पाक न हलणे हा यातला दुसरा अर्धा भाग आहे आणि तो नेहमी विसरला जातो. शस्त्रक्रियेनंतरच्या पहिल्या आठवड्यांत आहार पातळ असतो, मोजका असतो आणि त्यात स्निग्धांश फार थोडा असतो. त्यामुळे पित्ताशयाला आकुंचन पावण्याचा निरोपच नीट मिळत नाही. बायपास (जठराची लहान पिशवी करून ती थेट पुढच्या आतड्याला जोडण्याची शस्त्रक्रिया) झालेल्यांमध्ये अन्न लहान आतड्याच्या पहिल्या भागातून जातच नाही, म्हणून तो निरोप आणखी क्षीण होतो. पिशवीच्या अस्तरातून बुळबुळीत स्राव वाढतो, साचलेले पित्त दाट होते, त्यात आधी गाळ आणि मग खडा धरतो. आठवड्याला दीड किलोपेक्षा अधिक वेगाने वजन उतरत असेल, तर ही शक्यता ठळकपणे वाढते. शस्त्रक्रियेविना केवळ अतिशय कमी उष्मांकांचा आहार घेणाऱ्यांनाही हेच होऊ शकते. शिवाय स्थूलता हे मुळातच खड्यांचे एक कारण असल्यामुळे काही जणांच्या पित्ताशयात शस्त्रक्रियेआधीच खडे असतात.

३. असा त्रास किती जणांना होतो आणि किती महिने सांभाळावे लागते?

येथे दोन आकडे वेगळे ठेवायला हवेत: खडा होणाऱ्यांचा आणि खड्याचा त्रास होणाऱ्यांचा. अमेरिकेत १९९५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, बायपासनंतर प्रतिबंधक गोळी न घेतलेल्या रुग्णांपैकी ३२ टक्के लोकांच्या पित्ताशयात सहा महिन्यांत खडे दिसले. मात्र ज्यांना प्रत्यक्ष त्रास होतो त्यांचे प्रमाण बरेच कमी असते. नेदरलँड्समधील एका मोठ्या अभ्यासात, ज्याचे निष्कर्ष २०२१ मध्ये प्रसिद्ध झाले, गोळी न घेणाऱ्या गटात दोन वर्षांच्या काळात ९.७ टक्के रुग्णांना खड्यांचा त्रास झाला.

म्हणजे बहुसंख्य रुग्णांना हा त्रास होत नाही. ज्यांना होतो त्यांच्यात तो बहुधा पहिल्या दोन वर्षांत होतो. सर्वांत जपण्याचा काळ पहिल्या सहा महिन्यांचा, कारण वजन त्याच काळात सर्वाधिक वेगाने उतरत असते. वजन स्थिरावले की नवे खडे होण्याची शक्यता कमी होते. परंतु आधी झालेला खडा पुढे केव्हाही त्रास देऊ शकतो.

४. माझी स्लीव्ह झाली आहे, बायपास नाही. मला हे लागू होते का?

होय. स्लीव्हमध्ये जठराचा मोठा भाग काढून ते नळीसारखे अरुंद करतात; अन्नाचा मार्ग बदलत नाही, तरी वजन वेगाने उतरतेच. मोठा फरक पडतो तो खडा नलिकेत अडकल्यावर, आणि तो स्लीव्ह झालेल्यांच्या बाजूने आहे (प्रश्न १५ पाहा).

५. दुखणे आम्लपित्ताचे आहे की खड्याचे, हे घरी कसे ओळखावे?

खात्रीने ओळखता येत नाही; पण संशय नक्की घेता येतो. आम्लपित्तात जळजळ असते, आंबट पाणी घशाशी येते आणि औषधाने बऱ्यापैकी लवकर आराम पडतो. खड्याच्या दुखण्यात जळजळीपेक्षा दाब आणि कळ असते. ती उजव्या बरगडीखाली किंवा अगदी मध्यभागी, छातीच्या हाडाच्या टोकाखाली येते, वाढत जाते आणि मग अर्ध्या तासापासून काही तासांपर्यंत एकसारखी राहते. ती अनेकदा पाठीत किंवा उजव्या खांद्याच्या फऱ्याखाली जाते, सोबत मळमळ किंवा उलटी असते. जेवणानंतर किंवा मध्यरात्री झोपेतून उठवणारी कळ ही विशेष ओळखीची. माणूस कूस बदलतो, उठून बसतो, फेऱ्या मारतो, पण कोणत्याच स्थितीत बरे वाटत नाही.

आमच्या रुग्णांसाठी आणखी एक खूण फार उपयोगी आहे. शस्त्रक्रियेनंतर काही महिने बहुतेकांना आम्ल कमी करणारी गोळी, उदाहरणार्थ पँटोप्राझोल, रोज सकाळी उपाशीपोटी दिलेली असतेच. ती नियमित चालू असताना रात्री दोन वाजता कळ येत असेल, तर "पित्त झाले असेल" हे उत्तर पुरेसे नाही. तरीही फोनवर मला सांगितले जाते ते असे: "ताई, पित्त वाढलंय, थंड दूध प्यायले, आमसुलाचे पाणी घेतले, आता जरा बरे आहे." आता बरे आहे याचा अर्थ खडा तोंडाशी अडकून पुन्हा मागे सरकला, असाही असू शकतो. अशी कळ एकदा जरी आली, तरी त्या आठवड्यातच सोनोग्राफी करून घ्यावी.

एक सावधगिरी: दुखले म्हणून डायक्लोफिनॅक किंवा आयब्युप्रोफेन यांसारख्या गोळ्या स्वतःच्या मनाने घेऊ नयेत. बायपास झालेल्यांमध्ये त्यांनी जोडाच्या जागी, म्हणजे जठराची पिशवी आतड्याला जोडलेली असते तिथे, व्रण होऊ शकतो. दवाखान्यात इंजेक्शन घेण्यापूर्वीही आपली शस्त्रक्रिया झाली आहे हे सांगावे.

६. कोणत्या लक्षणांत सकाळपर्यंत थांबू नये?

कळ सहा तासांनंतरही ओसरत नसेल, ताप किंवा थंडी वाजून हुडहुडी भरत असेल, डोळे किंवा लघवी पिवळी होत असेल, शौचाचा रंग मातकट-पांढुरका झाला असेल, उलट्या थांबत नसतील, किंवा दुखणे सरळ पाठीत आरपार जात असेल, तर त्याच वेळी रुग्णालयात जावे. ताप पित्ताशयाच्या दाहाचा असू शकतो. ताप आणि कावीळ एकत्र असणे हे नलिकेत जंतुसंसर्ग झाल्याचे लक्षण असू शकते. आरपार दुखणे स्वादुपिंडाच्या दाहाचे असू शकते. यांतली कोणतीही गोष्ट घरी हाताळण्याजोगी नाही. कावीळ दिसली म्हणून आधी झाडपाल्याचे औषध देणारा शोधत फिरणे या परिस्थितीत जिवावर बेतू शकते, कारण ही कावीळ नलिकेतल्या अडथळ्याची असते.

७. सहा महिने ती मोठी गोळी घ्यायला सांगितली आहे. खरेच आवश्यक आहे का? मध्येच सोडली तर?

ही गोळी म्हणजे अर्सोडीऑक्सिकोलिक ॲसिड. ती पित्तातील कोलेस्टेरॉलचे प्रमाण घटवते आणि त्यामुळे स्फटिक बनण्याची शक्यता कमी होते. प्रश्न ३ मध्ये ज्या अमेरिकन अभ्यासाचा उल्लेख आहे, त्यात रोज ६०० मिलिग्रॅम घेणाऱ्यांपैकी केवळ २ टक्के लोकांना सहा महिन्यांत खडे झाले, तर न घेणाऱ्यांपैकी ३२ टक्के लोकांना. नेदरलँड्समध्ये रोज ९०० मिलिग्रॅम गोळी सहा महिने दिल्यावर प्रत्यक्ष त्रास होणाऱ्यांचे प्रमाण दोन वर्षांत ९.७ वरून ६.५ टक्क्यांवर आले. दुसरा आकडा पहिल्याइतका नेत्रदीपक नाही, म्हणूनच काही शल्यचिकित्सक ती सर्वांना देतात आणि काही निवडक रुग्णांना. माझे मत विचाराल तर, ज्यांना ती लिहून दिली आहे त्यांनी ती पूर्ण सहा महिने घ्यावी, विशेषतः बायपास झालेल्यांनी. कारण प्रश्न १५ मधील अडचण टाळण्यासाठी एवढा त्रास सोसणे मला रास्त वाटते.

त्रास होतो, हे मी नाकारत नाही. पहिल्या महिन्यात घोटभर पाणीही मोजून प्यावे लागते. त्यात व्हिटॅमिन, कॅल्शियम, लोह आणि वर ही जाडजूड गोळी. काहींना सुरुवातीला जुलाब होतात, मळमळते. अशा वेळी परस्पर बंद न करता डॉक्टरांना विचारावे. पहिले काही आठवडे गोळी तोडून घेता येईल का, किंवा पातळ औषध मिळेल का, हे तेच सांगू शकतील. एखादा दिवस चुकला तर दुसऱ्या दिवशी दुप्पट घेऊ नये, नेहमीचाच डोस पुढे चालू ठेवावा. माझ्या पाहण्यात गोळी सुटते ती बहुधा तिसऱ्या महिन्यात, जेव्हा वजन भराभर उतरलेले असते आणि रुग्णाला अगदी छान वाटत असते. नेमकी तीच वेळ खडे धरण्याची असते.

८. ही गोळी शाकाहारी आहे का?

हा प्रश्न मला जैन आणि माळकरी कुटुंबांतून नेहमी येतो आणि त्याचे उत्तर स्पष्ट द्यायला हवे. हे औषध सामान्यतः प्राण्यांच्या, मुख्यत्वे गुरांच्या, पित्तातून मिळवलेल्या आम्लावर रासायनिक प्रक्रिया करून तयार केले जाते. त्याच्या नावातील "अर्सो" हा भाग अस्वलासाठीच्या लॅटिन शब्दावरून आला आहे, कारण ते प्रथम अस्वलाच्या पित्तात आढळले. ज्यांना हे मान्य नसेल त्यांनी गुपचूप गोळी टाळण्यापेक्षा डॉक्टरांना तसे सांगावे. गोळीविना राहायचे ठरले, तर आहारातील स्निग्धांश (प्रश्न ९) आणि वेळेवर सोनोग्राफी (प्रश्न ११) यांकडे अधिक लक्ष देता येते.

९. खडे होऊ नयेत म्हणून तेल-तूप पूर्ण बंद करू का?

करू नये, खडे नसतील तर पूर्ण बंद करण्याने अपायच होण्याची शक्यता आहे. पित्ताशय रिकामे होण्यासाठी स्निग्धांश लागतो. दिवसातील निदान एका जेवणात साधारण ७ ते १० ग्रॅम स्निग्धांश असला तर पिशवी बऱ्यापैकी रिकामी होते. चहाच्या एका चमच्यात तेल किंवा तूप साधारण साडेचार-पाच ग्रॅम बसते. म्हणजे असे दोन चमचे झाले. पहिल्या पातळ आहाराच्या टप्प्यात आहारतज्ज्ञांनी सांगितले तसेच घ्यावे, पण मऊ अन्न सुरू झाल्यावर फोडणीचे तेल, वरणावरचे तूप, अंड्याचा बलक, भिजवून वाटलेले शेंगदाणे यांतून एवढे सहज जाते. ते एकाच जेवणात जावे, दिवसभर थेंबाथेंबाने विखरू नये.

ज्यांना खडे आहेत आणि कळा येतात त्यांच्यासाठी मात्र सल्ला उलटा आहे. शस्त्रक्रिया होईपर्यंत त्यांनी तळलेले, मलईदार आणि एका वेळी जास्त तेल-तूप असलेले पदार्थ टाळावेत.

१०. एकादशी, संकष्टी, श्रावणी सोमवार, नवरात्र. उपवास करू का?

पहिल्या वर्षी दिवसभराचा आणि विशेषतः निर्जळी उपवास करू नये. पोट पंधरा-वीस तास रिकामे राहिले की पित्त पिशवीत साचून दाट होते. शिवाय या काळात प्रथिने आणि पाणी आधीच कमी पडत असते. उपवास सोडताना साबुदाण्याची खिचडी एकदम खाणे बायपास झालेल्यांना आणखी वेगळा त्रास देते: घाम, धडधड, चक्कर. ज्यांना नेम मोडवत नाही, त्यांनी दर दोन-तीन तासांनी दूध, दही, ताक, पनीर, शेंगदाण्याची आमटी असे थोडे थोडे घेऊन नेम पाळावा आणि औषधे चालू ठेवावीत. रमजानचे रोजे ठेवणाऱ्या रुग्णांनाही मी पहिल्या वर्षी थांबण्याचीच विनंती करते.

११. सोनोग्राफी केव्हा करावी? काही दुखत नसतानाही?

शस्त्रक्रियेपूर्वी एकदा होतेच. त्यानंतर काही केंद्रे सहा महिन्यांनी आणि वर्षाने नेमाने करतात, काही फक्त लक्षणे दिसल्यावर; दोन्ही पद्धती रूढ आहेत. कळ आली असेल तर मात्र वाट पाहू नये.

तपासणीपूर्वी सहा ते आठ तास उपाशी राहावे लागते, म्हणजे पिशवी भरलेली असते आणि नीट दिसते. डॉक्टर उजव्या बरगडीखाली थंडगार जेल लावून पाहतात आणि मग डाव्या कुशीवर वळायला सांगतात. पडद्यावर काळ्या पिशवीत एक पांढरा ठिपका असतो, त्याच्या मागे सावलीचा पट्टा. रुग्ण वळला की तो ठिपका घरंगळत दुसरीकडे जातो. तो खडा. जो वळल्यावरही भिंतीलाच चिकटून राहतो आणि ज्याची सावली पडत नाही, तो बहुधा पॉलिप, म्हणजे अस्तरावरची लहान वाढ, असतो. "स्लज" असे लिहून आले तर तो दाट पित्ताचा गाळ. तो कधी आपोआप नाहीसा होतो, कधी त्याचाच पुढे खडा होतो.

१२. वजनाच्या शस्त्रक्रियेच्या वेळीच पित्ताशय का काढून टाकले नाही?

पूर्वी, पोट उघडून बायपास करत त्या काळात, अनेक ठिकाणी ते सरसकट काढले जात असे. दुर्बिणीच्या शस्त्रक्रिया रूढ झाल्यावर हा विचार बदलला. निरोगी पित्ताशय काढण्यासाठी भुलीचा वेळ वाढतो, वजन जास्त असताना यकृत मोठे आणि चरबीयुक्त असल्याने तिथपर्यंत पोहोचणे अवघड जाते, आणि बहुसंख्य रुग्णांना ते काढण्याची पुढेही गरज पडत नाही. ज्यांना आधीपासूनच खड्यांचा त्रास आहे, त्यांचे मात्र त्याच वेळी काढणे बहुधा योग्य ठरते. वजन उतरल्यावर हीच शस्त्रक्रिया पुष्कळदा अधिक सोपी जाते. भारतात दुर्बिणीतून पित्ताशय काढण्याची सुरुवात १९९० मध्ये मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात डॉ. तेहेम्तन उडवाडिया यांनी केली. आज ती जिल्ह्याच्या ठिकाणीही होते.

१३. सोनोग्राफीत खडे दिसले, पण त्रास काहीच नाही. काढायचे का?

साधारणपणे नाही. गप्प बसलेल्या खड्यांकडे लक्ष ठेवणे हा सर्वमान्य मार्ग आहे. अपवाद मात्र आहेत: खडा तीन सेंटिमीटरहून मोठा असणे, सोबत एक सेंटिमीटर किंवा त्याहून मोठा पॉलिप असणे, पिशवीच्या भिंतीत कॅल्शियम साठून ती कडक होणे. गंगेच्या खोऱ्यात पित्ताशयाच्या कर्करोगाचे प्रमाण महाराष्ट्रापेक्षा जास्त आहे, त्यामुळे ज्यांचे मूळ कुटुंब तिकडचे आहे त्यांनी ते डॉक्टरांना आवर्जून सांगावे. आणि जे दीर्घकाळ परदेशी, बोटीवर किंवा जिथे शस्त्रक्रियेची सोय दूर आहे अशा ठिकाणी जाणार आहेत, त्यांनी निघण्यापूर्वी हा विषय शल्यचिकित्सकांशी बोलून घ्यावा.

१४. हुलग्याचे कढण, पानफुटी, किंवा ऑलिव्ह तेल आणि लिंबू घेऊन खडे पडतात का?

हुलगे आणि पानफुटी हे मुतखड्यासाठी सांगितले जाणारे घरगुती उपाय आहेत. मुतखडा मूत्रमार्गात असतो. पित्ताशयातून लघवीकडे जाणारी वाटच नाही. भरपूर पाणी पिऊन पित्ताशयातला खडा वाहून जात नाही, तो याच कारणाने.

ऑलिव्ह तेल आणि लिंबू घेतल्यावर शौचात जे हिरवट, मेणासारखे गोळे दिसतात, ते खडे नसतात; तेलाचे आतड्यात साबणासारखे रूपांतर होऊन ते बनलेले असतात. खरा खडा पाहायचा असेल तर शस्त्रक्रियेनंतर नातेवाइकांच्या हाती देतात ती प्लास्टिकची डबी आठवावी: कोलेस्टेरॉलचे खडे पिवळसर, कठीण, कधी तुरीच्या दाण्याएवढे आणि एकमेकांना घासून पैलू पडलेले असतात. खडे असलेल्या माणसाने एका वेळी वाटीभर तेल पिणे हे जोराची कळ ओढवून घेणे आहे. प्रश्न ७ मधील गोळीने लहान, कॅल्शियम नसलेले खडे काही वेळा विरघळतात, पण त्याला अनेक महिने लागतात आणि ते पुन्हा होऊ शकतात.

१५. बायपासनंतर खडा नलिकेत अडकला तर अवघड होते असे ऐकले. ते का?

जे ऐकले ते खरे आहे, आणि बायपास झालेल्या प्रत्येकाने ते समजून घ्यावे. एरवी पित्तनलिकेत खडा अडकला, की तोंडातून दुर्बीण घालून, जठरातून पुढे लहान आतड्याच्या पहिल्या भागात नेऊन, नलिकेच्या तोंडातून तो काढतात. याला ईआरसीपी म्हणतात. स्लीव्ह झालेल्यांमध्ये हा रस्ता तसाच असतो, म्हणून ते सहसा अडत नाही.

बायपासमध्ये जठराची वरची लहान पिशवी वेगळी करून थेट पुढच्या आतड्याला जोडलेली असते. मूळ जठर आणि आतड्याचा पहिला भाग शरीरातच असतो, पण अन्नाच्या वाटेवर नसतो. तोंडातून गेलेल्या दुर्बिणीला आधी मीटर-दीड मीटर आतडे उतरून, जोडाशी वळून, दुसऱ्या फाट्याने उलटे वर चढावे लागते. नेहमीची दुर्बीण तिथपर्यंत पोहोचत नाही. मग पर्याय उरतात ते असे: पोटावरील छिद्रांतून दुर्बिणीची शस्त्रक्रिया करून मूळ जठरात वाट करणे आणि तिथून ईआरसीपी करणे, फुगा असलेली विशेष लांब दुर्बीण वापरणे, अंतर्गत सोनोग्राफीच्या मदतीने दोन्ही जठरांत तात्पुरता मार्ग करणे, शल्यचिकित्सकाने पित्तनलिका उघडून खडा काढणे, किंवा त्वचेतून यकृतात नळी घालून पित्त बाहेर काढणे. हे सर्व होऊ शकते, पण प्रत्येक गावात होत नाही. मिनी बायपास (एकाच जोडाचा बायपास) झालेल्यांनाही थोड्याफार फरकाने हेच लागू आहे.

म्हणून बायपासनंतर कळा येऊ लागल्या, की पित्ताशय काढण्याचा निर्णय रेंगाळू देऊ नये. खडा पिशवीत आहे तोवर काम सोपे असते. नलिकेत खडा आहे की नाही हे पाहण्यासाठी रक्तातील बिलिरुबिन (काविळीत वाढणारे रंगद्रव्य) व यकृताच्या चाचण्या आणि गरज पडल्यास एमआरसीपी (पित्तनलिकांचा एमआरआय) करतात.

१६. आधीच जठर लहान केले, आता पित्ताशयही नाही. मग पचन कसे होणार?

पित्त थेट यकृतातून आतड्यात उतरत राहते, त्यामुळे पचन चालू राहते. काहींना पहिले काही आठवडे, विशेषतः तेलकट खाल्ल्यावर, पातळ शौचाला होते आणि ते बहुधा कमी होत जाते. महिना-दोन महिन्यांनंतरही थांबले नाही, तर पित्ताम्ले बांधून ठेवणारे औषध देता येते. ते इतर औषधे आणि व्हिटॅमिनच्या शोषणाच्या आड येत असल्याने त्यांच्यात काही तासांचे अंतर ठेवावे लागते. पित्ताशय काढल्यामुळे वेगळी व्हिटॅमिने लागत नाहीत. वजनाच्या शस्त्रक्रियेसाठी सांगितलेली बी-१२, लोह, कॅल्शियम आणि डी मात्र चालूच ठेवायची असतात.

१७. पित्ताशय काढून वर्ष झाले, तरी तशीच कळ येते. हे कसे?

नलिकेत मागे राहिलेला किंवा नव्याने झालेला खडा, जोडाच्या जागचा व्रण, मुतखडा (बायपासनंतर त्याचेही प्रमाण वाढते, त्याची कळ कमरेच्या बाजूकडून जांघेकडे जाते), किंवा प्रश्न २२ मध्ये सांगितलेले कारण. "पित्ताशय नाही म्हणजे खडा असणार नाही" असे गृहीत धरू नये.

१८. शस्त्रक्रियेनंतर दिवस गेले आहेत आणि आता खडे निघाले. बाळाला धोका आहे का?

शस्त्रक्रियेनंतर साधारण १२ ते १८ महिने गर्भधारणा टाळायला सांगतात, त्यामागे वजन स्थिरावण्याचे कारण असते. गरोदरपणातील संप्रेरकांमुळेही पित्त दाट होते आणि पित्ताशय मंदावते. खडे गप्प असतील तर बाळंतपणापर्यंत थांबता येते. वारंवार कळा किंवा दाह असेल तर थांबण्यानेच धोका वाढतो. दुर्बिणीतून पित्ताशय काढणे गरोदरपणात करता येते आणि त्यासाठी मधले तीन महिने सर्वांत सोयीचे मानले जातात. स्त्रीरोगतज्ज्ञ आणि बेरियाट्रिक (वजनाची शस्त्रक्रिया करणारे) शल्यचिकित्सक यांनी मिळून निर्णय घ्यावा.

१९. वजन पुन्हा वाढले म्हणून आता आठवड्याचे इंजेक्शन सुरू केले आहे. त्यानेही खडे होतात का?

शक्यता वाढते. वजन कमी करणारी ही आठवड्याची इंजेक्शने, म्हणजे तिर्झेपटाइड मार्च २०२५ मध्ये आणि वजनासाठीचे सेमाग्लुटाइड जून २०२५ मध्ये, भारतात उपलब्ध झाल्यापासून हा प्रश्न खूप येऊ लागला आहे. या औषधांच्या माहितीपत्रकात पित्ताशयाच्या विकारांचा इशारा दिलेला असतो. पित्ताशय अजून असेल तर इंजेक्शन सुरू करण्यापूर्वी एकदा सोनोग्राफी करून घेणे मला शहाणपणाचे वाटते.

२०. मला सिकलसेलचा आजार आहे. ती गोळी मलाही चालेल का?

विदर्भातील आणि नंदुरबारकडील रुग्णांसाठी हा प्रश्न महत्त्वाचा आहे. सिकलसेल आजारात तांबड्या पेशी सतत फुटतात आणि त्यांतून सुटलेल्या रंगद्रव्याचे काळपट खडे होतात. प्रश्न ७ मधील गोळी केवळ कोलेस्टेरॉलच्या खड्यांवर चालते, रंगद्रव्याच्या खड्यांवर नाही. अशा रुग्णांनी शस्त्रक्रियेपूर्वीच रक्तविकारतज्ज्ञांचे मत घ्यावे. केवळ वाहक असलेल्यांना ही अडचण सहसा येत नाही.

२१. पित्ताशयाच्या शस्त्रक्रियेचा खर्च विम्यातून मिळतो का?

बहुतेक पॉलिसींमध्ये पित्ताशयाच्या खड्यांसाठी प्रतीक्षाकाळ असतो, सामान्यतः दोन वर्षांचा. तो उलटला असेल तर दावा करता येतो. मात्र वजनाची शस्त्रक्रिया झाल्याचे पॉलिसी घेताना लपवलेले असेल, तर अडचण येते.

२२. बायपासला दोन-तीन वर्षे झाली. पोटात मध्येच जोराची कळ येते. सोनोग्राफीत खडे आहेत, म्हणजे कारण सापडले ना?

सापडले असेलच असे नाही. बायपासमध्ये आतड्याची मांडणी बदलताना आतड्याच्या पडद्यांमध्ये फटी तयार होतात. वजन उतरल्यावर त्या पडद्यांतील चरबी कमी होते, फटी रुंदावतात आणि आतड्याचे वेटोळे त्यातून सरकून अडकू शकते. याला अंतर्गत हर्निया म्हणतात. दुखणे जेवणानंतर येते, येते आणि जाते, नाभीच्या आसपास किंवा डाव्या बाजूला असते. कधी रक्ताच्या सर्व चाचण्या व्यवस्थित येतात, कधी सीटी स्कॅनही. अडकलेल्या आतड्याचा रक्तपुरवठा थांबला तर काही तासांत आतडे निकामी होते. खडे तर कोणाच्याही सोनोग्राफीत योगायोगाने दिसू शकतात, आणि ते दिसले की तपास तिथेच थांबतो, ही खरी अडचण आहे.

म्हणून रात्री-अपरात्री आकस्मिक विभागात गेल्यावर पहिले वाक्य "पोटात दुखते" हे न सांगता "माझा गॅस्ट्रिक बायपास झाला आहे आणि पोटात दुखते" हे सांगावे. शस्त्रक्रियेचा प्रकार आणि तारीख लिहिलेल्या डिस्चार्ज कार्डाच्या पानाचा फोटो मोबाइलमध्ये ठेवावा आणि घरातल्या आणखी एका माणसाच्या मोबाइलमध्येही, कारण कळ आल्यावर बोलण्याचे त्राण रुग्णात नसते. तिथल्या डॉक्टरांना तुमच्या मूळ शल्यचिकित्सकांशी फोनवर बोलण्याची विनंती करावी. मध्यरात्री असला, तरी तो फोन करायला कोणीही संकोचू नये.